काठावरचं बिस्मिल्ला

दुबईला जबल अलीच्या फ्री झोनमधल्या एका कंपनीत मी काम करतो. काम काय, तर मालाबरोबर आलेले कागद खरे आहेत की बनावट, ते बघायचं. माल कुठल्या देशात तयार झाला त्याचा दाखला, तपासणीचा दाखला, सही, शिक्का. सोळा वर्षं हेच केल्यावर माणूस घरातही सरळ राहत नाही. बायको म्हणते, "तू कोथिंबिरीची जुडीसुद्धा अशी उलटीपालटी करून बघतोस, जशी काही ती पोलिसांना हवी आहे." म्हणू दे. जुडीच्या आतून कुजकी पानं निघतात तेव्हा तीच गप्प बसते.

बनावट कागद ओळखायची माझी एक ठरलेली रीत आहे. अक्षरं किती सुबक आहेत, शिक्का किती ठळक आहे, ते मी बघतच नाही. ते कुणालाही जमतं. मी त्या कागदावर एकत्र असूच शकत नाहीत अशा दोन गोष्टी शोधतो. एकदा एका दाखल्यावर सही मार्च महिन्यातली होती आणि शिक्क्यात त्या कचेरीचा नवा पत्ता होता. कचेरी नव्या जागेत गेली होती जूनमध्ये. बाकी कागद अगदी हुबेहूब! मी अख्खा कंटेनर अडवला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली, आणि मी हा किस्सा त्या वर्षी गणपतीत इतक्या जणांना सांगितला की बिल्डिंगमध्ये माझी ओळखच 'नकली पकडणारा' अशी झाली. मला ती आवडायची. आता खोटं कशाला बोलू?

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमच्या समोरच्या दारात एक इराणी गृहस्थ राहायला आले, तेव्हा पहिल्या दिवसापासून मला त्यांचा संशय होता. सत्तरीच्या पुढचे, काटकुळे, पांढऱ्या मिशीचे. आयुष्यभर देऱ्याच्या जुन्या बाजारात सुक्या मेव्याचं दुकान चालवलेलं. दुकान बंद केल्यावर मुलाने इकडे आणलं. मुलगा जुमेरा लेक टॉवर्समधल्या कुठल्याशा ऑफिसात, सकाळी जायचा तो सातनंतर उगवायचा. म्हणजे गृहस्थ दिवसभर एकटे. हिंदी माझ्यापेक्षा फर्डं, सगळं गिऱ्हाइकांकडून शिकलेलं. मी त्यांना चाचा म्हणायला लागलो, ते मला बेटा.

आल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी दिवेलागणीला बेल वाजली. मी आधी भोकातून बघितलं. चाचा उभे. हातात निळ्या काठाची काचेची बशी, बशीत सात-आठ खजूर, बी काढून आत अक्रोड भरलेले.

"किस ख़ुशी में, चाचा?" मी अर्धवट दार उघडून विचारलं.

"ख़ुशी नहीं, बेटा. अब्बा के नाम का है. हमारे यहाँ जुमेरात को गुज़रे हुए लोगों के नाम पर बाँटते हैं. मैं उनके लिए फ़ातिहा पढ़ता हूँ, और खाने वाला भी एक दुआ पढ़ देता है, बस. आप अपना जो बोलते हो, वही बोल दो."

मी बशी घेतली, शुक्रिया म्हटलं आणि दार लावलं. दुआबिआ काही म्हटली नाही. खजूर मात्र उत्तम होते. खाता खाता मी बायकोला सांगितलं, "ह्यांना आपल्याकडून काहीतरी हवंय."

"त्यांच्या वडिलांच्या नावाचं आहे रे," ती म्हणाली.

"वडिलांच्या नावाने देतात ना, मग आपल्यालाच का? मजल्यावर आणखी सहा दारं आहेत."

ती सहाही दारी बशी जाते हे मला नंतर कळलं. तोवर आमच्याकडून बशी परत जायला लागली होती, आणि आमच्याकडे बशी रिकामी परत करायची नाही. एका गुरुवारी चिवडा, एका गुरुवारी शंकरपाळे, नारळाच्या वड्या. चाचांना शंकरपाळे भारी आवडले. वर्षभर ही देवघेव सुरू राहिली आणि वर्षभर मी वाट बघत होतो, की हे गृहस्थ आता काय मागतात.

आमची लेक तेव्हा बारा वर्षांची होती. इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीतच. संध्याकाळी खाली बाकावर ती चाचांशेजारी बसायची. घरी येऊन सांगायची, "बाबा, अंकल यूज्ड टू जंप ओव्हर फायर! न्यू इयरच्या आधी. होल व्हिलेज!" मी म्हटलं असेल, आपली होळी असते तसं काहीतरी. आणि तेच चाचा लेकीने दिलेलं साधं बिस्कीट तोंडात टाकतानाही 'बिस्मिल्लाह' म्हणायचे, हेही मी खिडकीतून पाहिलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसात राहत होत्या. माझ्या डोळ्यांसमोर, वर्षभर.

आणि मग एकदाचं त्यांनी मागितलं. रविवार होता. चाचा आले ते बशी न घेता. हातात खोकल्याच्या गोळ्यांची जुनी पत्र्याची डबी होती. आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसले, डबी उघडली, कापूस बाजूला केला आणि आतलं नाणं माझ्या पुढ्यात ठेवलं. चांदीचं. रुंद आणि इतकं पातळ की नखाने उचलायला गेलं तर वाकेल की काय असं वाटावं.

"बेटा, आप काग़ज़ देख के बता देते हो, सच्चा कि झूठा. ये भी देख लो."

मी मनात म्हटलं, आलं. वर्षभराचे खजूर इथवर येणार होते तर! एक तर हे मला विकायचं असणार, नाहीतर भारतात न्यायला सांगणार. इथे राहणारा कुठलाही शहाणा माणूस दुसऱ्याची पुडी आपल्या बॅगेत घेत नाही, सख्ख्या भावाचीसुद्धा नाही. मी सरळच विचारलं, "बेचना है क्या, चाचा?"

त्यांनी डबीवर हात ठेवला. "बेचना होता तो पचपन साल क्यों रखता?"

उत्तर चांगलं होतं. तयार उत्तरांवर माझा सगळ्यात कमी विश्वास.

मग त्यांनी हकिकत सांगितली. दक्षिण इराणातल्या त्यांच्या गावी वडिलांची डाळिंबाची बाग होती. दोन मुलगे. थोरल्याला बाग मिळाली. धाकटा, म्हणजे चाचा, सोळाव्या वर्षी लाँचमध्ये बसून दुबईला निघाला, तेव्हा वडिलांनी त्याच्या मुठीत हे नाणं ठेवलं. म्हणाले, हे आपल्या जुन्या बादशहाचं आहे, बागेपेक्षा कमी नाही. थोरला भाऊ तेव्हापासून हसत आला. तुला बाजारातलं खेळणं देऊन वाटेला लावलं, म्हणायचा. आता वडील नाहीत. भाऊ आहे, आणि प्रत्येक फोनवर कधी ना कधी ते खेळणं निघतंच.

"सिक्के का क्या करना है मुझे," चाचा म्हणाले. "बस मरने से पहले एक बात जाननी है. अब्बा ने मुझे ठगा था या नहीं."

बायकोच्या हातातलं चहाचं भांडं तसंच राहिलं. मला मात्र, कबूल करतो, त्या क्षणी वाईटबिईट काही वाटलं नाही. मला काम मिळालं होतं. मी म्हटलं, दोन दिवस माझ्याकडे राहू दे.

ऑफिसातलं भिंग घरी आणलं. एका बाजूला राजाचा चेहरा, बाजूने दिसणारा. दाढी, कानात मोती, गळ्यात माळा. मुकुटावर पक्ष्याचे दोन पंख आणि त्यांच्यावर चंद्रकोर, कोरीत चांदणी. नेटवर शोधलं तर हा मुकुट लगेच सापडला. अरब येण्याआधी इराणवर ज्या सासानी घराण्याचं राज्य होतं, त्यांच्यातल्या प्रत्येक राजाचा मुकुट निराळा असायचा, मुकुटावरून राजा ओळखायचा. नाण्याच्या मागल्या बाजूला अग्निकुंड. उंच चौथऱ्यावर ज्वाळा, आणि दोन्ही बाजूंना दोन राखणदार, समोर तलवार टेकवून उभे. आपल्या देवळाच्या दारात जय-विजय असतात तसे. त्या राजांचा धर्म अग्नीचा, म्हणून राज्याच्या नाण्यावर अग्नी. इथपर्यंत सगळं जुळत होतं आणि मी थोडा हिरमुसलो होतो.

मग भिंग काठाकडे नेलं. राजाच्या छातीशेजारी, ठिपक्यांच्या कडीबाहेर, काही अक्षरं होती. आतल्या अक्षरांपेक्षा वेगळी. लेकीला हाक मारली. इथल्या शाळेत अरबी शिकावंच लागतं, ती आमच्यापेक्षा बरं वाचते.

ती भिंगावर वाकली. "डॉट्सच नाहीयेत, बाबा. ओल्ड स्टाइल आहे. वेट... धिस इज अल्लाह. आणि आधीचं बिस्म. बिस्मिल्लाह!"

मला इतका आनंद झाला की मी टेबलावर थाप मारली. सापडलं! अग्निपूजक राजा, मागे अग्निकुंड, आणि काठावर बिस्मिल्ला. सही मार्चची आणि शिक्का जूनचा. कुणा कारागिराने जुनं नाणं समोर ठेवून नक्कल केली आणि खरेदीदार खूश व्हावा म्हणून वर अल्लाचं नाव टाकलं, इतकं ते सरळ होतं.

मंगळवारी संध्याकाळी चाचांना बोलावलं. बायको म्हणाली होती, "जरा बेताने सांग." पण आपण काहीतरी पकडलंय म्हटल्यावर बेताने सांगणं मला जमत नाही. मी नाणं टेबलाच्या मधोमध ठेवलं, भिंग त्यांच्या हातात दिलं आणि साहेबांना समजावतो तसं समजावलं.

"ये बादशाह आग को मानने वाला. पीछे देखो, आग. और यहाँ किनारे पर बिस्मिल्लाह. दोनों एक सिक्के पर कैसे आएँगे, चाचा?"

त्यांनी भिंगातून बघितलंही नाही. "हाँ, बिस्मिल्लाह तो है. अब्बा ने ही दिखाया था पहले दिन. उसमें ग़लत क्या है?"

"ग़लत यही है. बनाने वाला यहीं पकड़ा गया. नक़ली है."

चाचांनी डबीच्या तळाशी घडी घालून ठेवलेला एक पिवळा कागद काढून माझ्यापुढे सरकवला. गावातल्या शाळामास्तरांनी वडिलांना लिहून दिलेला होता, की हे नाणं जुनं आणि अस्सल आहे. खाली सही. एखादा एजंट शेवटचा कागद काढतो ना, तसाच तो मला दिसला. मी उघडलासुद्धा नाही.

"काग़ज़ तो कोई भी बना सकता है, चाचा."

हे वाक्य मी दिवसातून चारदा म्हणतो. जिभेवर बसलेलं आहे. चाचांनी कागदाची जुन्या घड्यांवरच पुन्हा घडी केली, नाणं कापसात ठेवलं, झाकण लावलं. झाकण बसेना. दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा बसलं.

"ख़लास," ते म्हणाले. मला म्हणाले असं वाटलं नाही. उठले आणि गेले.

त्या गुरुवारी बेल वाजली नाही. पुढच्याही नाही. मी बायकोला म्हटलं, "बघ, सांगितलं नव्हतं? काम झालं, खजूर बंद."

"त्यांचं काय काम झालं?" ती म्हणाली, आणि तिने मला त्यानंतर दोन दिवस धड उत्तर दिलं नाही. चाचांची निळ्या काठाची बशी आमच्याच ओट्यावर राहिली होती. काय भरून द्यावं ते तिला सुचत नव्हतं.

काही दिवसांनी लेक शाळेतून आली ती नाणं घेऊन. लिफ्टमध्ये चाचा भेटले आणि त्यांनी डबीतून काढून ते तिच्या हातात ठेवलं. "ही सेड, खेलने के लिए," ती म्हणाली. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "ठेव, पण शाळेत खरं आहे म्हणून सांगत फिरू नकोस." नाणं तिच्या पेन्सिलींच्या पाउचमध्ये गेलं, खोडरबराशेजारी.

मग दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी एक राणीछाप रुपया मांडतात. मी पहिल्यांदा दुबईला निघालो तेव्हा आईने देवातून काढून रुमालाच्या टोकाला बांधून दिलेला. आईला तो तिच्या सासूने दिला होता. दर वर्षी चौरंगावर तांदळाच्या राशीवर तो ठेवायचा, दूध-पाण्याने धुवायचा, हळदकुंकू वाहायचं. पिढ्यान्‌पिढ्यांचं कुंकू त्या राणीच्या अंबाड्यात जाऊन बसलंय. इतकी वर्षं मी त्या रुपयाला हात जोडत आलो आणि इतक्या वर्षांत तो एकदाही भिंगाखाली धरला नाही.

त्या दिवशी लेक चौरंगाशेजारी मांडी घालून बसली होती. वाकून बघत म्हणाली, "हू इज धिस लेडी?"

"इंग्लंडची राणी. तेव्हा आपल्याकडे तिचं राज्य होतं."

"सो वी आर पुटिंग कुंकू ऑन द क्वीन ऑफ इंग्लंड?" ती खो खो हसायला लागली. बायकोही हसली.

मी जरा चिडूनच म्हणालो, "हसायला काय झालं? राणीची पूजा नाही करत आपण. हा रुपया चांदीचा, सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास होता. म्हणून लोकांनी तोच ठेवला, आणि त्याच्यावर आपलं कुंकू लावलं."

ती उठली, आत गेली आणि पाउच घेऊन आली. चाचांचं नाणं काढून तिने राणीशेजारी तांदळावर ठेवलं. "देन हिम टू."

"ते नको. ते खोटं आहे."

"व्हाय?" ती म्हणाली. "दे ऑल्सो जस्ट पुट देअर ओन कुंकू, बाबा."

मी तबक हातात धरून बसलो होतो. बायकोने माझ्याकडे बघितलं, मग चिमूट उचलली आणि राणीला कुंकू लावलं, आणि तसंच राजालाही. आरती मी म्हटली, पण काय म्हटली ते विचारू नका. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की आमच्या देवातला रुपया जर माझ्या ऑफिसच्या टेबलावर आला असता, तर ख्रिस्ती राणी आणि कपाळावर कुंकू म्हणून मी अख्खा कंटेनर अडवला असता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून शोधलं. या वेळी 'नकली कसं ओळखावं' असं नाही शोधलं. राजा, अग्नी, बिस्मिल्ला, तिन्ही एकत्र टाकून शोधलं. पहिल्याच पानावर चाचांचं नाणं. तोच पंखांचा मुकुट, तेच राखणदार, काठावर तेच शब्द. मी विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या संग्रहालयाचं पान उघडलं, तिसऱ्याचं उघडलं. सगळीकडे होतं. मग शनिवारी नाणं पाकिटात घालून शारजाला गेलो, एका संग्रहालयात नाण्यांचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत त्यांच्याकडे. वाटेत दोनदा वाटलं, हे कुठून आणलं असं विचारून आपल्यालाच आत टाकतील. त्यांनी तसं काही केलं नाही. काट्यावर ठेवलं, कड बघितली, उजेडात तिरकं धरलं आणि माझ्या हातात परत देत म्हणाल्या, अस्सल आहे, फक्त कुंकवासारखं काहीतरी लागलंय ते पुसू नका, आम्ही काढून देऊ.

बाईंनी समजावून सांगितलं ते असं. अरबांनी इराण जिंकलं तेव्हा टांकसाळी बंद पडल्या नाहीत. तेच कारागीर, तीच हातोडी, तेच साचे. लोक ते राजा-अग्नीचं नाणं ओळखत होते, बाजारात तेच चालत होतं. नव्या राज्यकर्त्यांनी मेलेल्या राजाचा चेहरा तसाच राहू दिला, अग्निकुंडही राहू दिलं, आणि काठावरच्या मोकळ्या जागेत देवाचं नाव घातलं. कित्येक वर्षं तशीच नाणी पडत राहिली. मी विचारलं, म्हणजे ही चूक नाही? बाई म्हणाल्या, चूक कसली, ह्याच्यावरूनच तर आम्ही नाणं कधीचं ते ओळखतो.

ज्या दोन शब्दांवर मी नाणं खोटं ठरवलं, तेच त्याचा दाखला होते. मी बाईंकडून दोन ओळी लिहून घेतल्या, खाली सही घेतली, संग्रहालयांची चित्रं छापून घेतली आणि गाडी हाणत घरी आलो. मला लाज वाटत होती आणि आनंदही होत होता. लिफ्टमधून बाहेर पडलो तो आमच्या दाराकडे न जाता सरळ चाचांच्या दाराशी.

त्यांनी दार उघडलं. बारीक झाले होते. मी उभ्या उभ्याच सुरू केलं. माझी चूक झाली, नाणं खरं आहे, अब्बांनी ठगवलं नाही, बिस्मिल्ला असंच असतं, हे बघा चित्र, हे बघा दुसरं, ही बाईंची सही. कागदामागून कागद त्यांच्या हातात देत गेलो. चाचांनी सगळे कागद घेतले, नीट एकावर एक ठेवले, आणि मला परत दिले.

"आप अच्छे आदमी हो, बेटा. बूढ़े का दिल रखने आए हो."

"नहीं चाचा, सच बोल रहा हूँ. ये देखो, यहाँ लिखा है."

ते हसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "काग़ज़ तो कोई भी बना सकता है. आपने ही बताया था."

सोळा वर्षं ज्या जागी मी बसतो, तिथे ते बसले होते आणि मी कागदांची चळत घेऊन समोर उभा होतो. नाणं पुढे केलं तर तेही घेतलं नाही, बच्चीला दिलंय म्हणाले. मग दाराच्या चौकटीला हात टेकवून हळू आवाजात सांगितलं, की भावाला फोन केला होता. तू बरोबर होतास म्हणून सांगून टाकलं. "हर जुमेरात अब्बा के लिए फ़ातिहा पढ़ता था. जब से वो गुज़रे, तब से. उस दिन के बाद नहीं पढ़ा गया. ज़बान ही नहीं उठती."

घरी येऊन मी बायकोला हे सांगितलं आणि तिच्यासमोर रडलो. माझ्या एका हुशारीपायी एका म्हाताऱ्या माणसाने आपल्या मेलेल्या वडिलांशी बोलणं टाकलं होतं. चाचांच्या मुलाला गाठून त्यालाही सगळं सांगितलं. तो बिचारा म्हणाला, मी बोलून बघतो, इन्शाल्ला. त्याने बोलून बघितलं. चाचा त्यालाही म्हणाले, शेजारी भला माणूस आहे.

पुढच्या गुरुवारी मी ऑफिसातून लवकर निघालो. चांगले मऊ खजूर आणले. बायकोने बिया काढल्या, लेकीने अक्रोड भरले. ओट्यावरची निळ्या काठाची बशी धुऊन पुसून घेतली, त्यात खजूर मांडले आणि दिवेलागणीला समोरची बेल मी वाजवली. आत पावलं थांबली. भोकातून कुणीतरी बघत होतं, बराच वेळ. मला ते चांगलं ओळखता येतं.

दार उघडलं. चाचांनी आधी बशी बघितली, मग मला. आपलीच बशी ओळखली असणार. "किसके नाम का है?" त्यांनी विचारलं. विचारण्यात संशय होता, आणि तो माझ्यामुळे होता.

"आपके अब्बा के नाम का," मी म्हणालो. "मैंने साल भर खाए, चाचा, दुआ एक बार भी नहीं पढ़ी. आज घर से पढ़ के आया हूँ. अपनी वाली."

ते खरं होतं. देवासमोर, त्या राणीसमोर आणि त्या राजासमोर उभा राहून मी त्या न पाहिलेल्या बागवाल्या माणसासाठी हात जोडून आलो होतो. त्यांचं नावही मला ठाऊक नाही.

चाचा बशीकडे बघत राहिले. ज्याने खाल्लं त्याने दुआ म्हणायची, हा त्यांचाच नियम. घ्यायचं नसतं तर ते दार लावू शकत होते. मी बशी धरून उभा होतो, हात भरून आला होता. शेवटी त्यांनी हात पुढे केला, एक खजूर उचलला आणि सवयीने 'बिस्मिल्लाह' म्हणून तोंडात टाकला. मग त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, बराच वेळ हलत होते.

खजूर चावत असतील म्हणून हलले असतील, असं म्हणायची माझी सवय आहे. मी तसं म्हटलं नाही.